त्रुटीसाहेबांचं मंगळावरचं घर

पृथ्वीवर जिथे म्हणून चौकशी केली तिथे काही ना काही अडचण निघाली, तेव्हा त्रुटीसाहेबांनी मंगळावर घर करायचं ठरवलं.

त्रुटीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात ते अठ्ठावीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे तपासत होते, आणि त्यांच्या टेबलावरून एकही नकाशा पहिल्या खेपेला पास झालेला नव्हता. "त्रुटी आढळली. अर्जदाराने प्रत्यक्ष भेटावे," हा शेरा ते लाल शाईने इतक्या वळणदार अक्षरात लिहीत, की नकाशा नापास झालेला माणूससुद्धा अक्षर पाहून सुखावत असेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. जिना दोन बोटं अरुंद असो, की खिडकी एक वीत खाली, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यातही एका गोष्टीची त्यांना भयंकर चीड होती. नकाशा काढायचा एकाने आणि खाली सही ठोकायची दुसऱ्याने, हा प्रकार ते खपवून घेत नसत. असल्या अर्जदाराला टेबलासमोर उभं करून ते खरा नकाशा काढणारा कोण, हे त्याच्याच तोंडून वदवून घेत.

असा हा माणूस सव्वीस वर्षं सासूबाईंच्या घरात राहत होता. घरजावई हा शब्द त्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. सासूबाई तर रोज एकदा तरी म्हणत, "जावईबापू, हे घर तुमचंच आहे." पण जी गोष्ट रोज सांगावी लागते तिच्यात कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तपासणीत केस पिकलेल्या माणसाला कळणारच. त्रुटीसाहेब पंखा लावण्याआधी एकदा पंख्याकडे आणि एकदा सासूबाईंकडे बघत. आरामखुर्चीत ते बसत, पण टेकत नसत. काही विचारायचं झालं तर पत्नीला म्हणत, "आईंना विचार, मागचा नळ बदलू का?" आई तीन हातांवरच बसलेल्या असत. त्या लेकीला म्हणत, "त्यांना म्हणावं, त्यांचंच घर आहे, हवं ते करा." पत्नी इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे पोचवत असे, आणि नळ आपला गळत राही.

अशात पेपरात जाहिरात आली. अंतराळ वसाहत मंडळाने मंगळावरच्या पहिल्या मानवी घरांसाठी सामान्य नागरिकांकडून आराखडे मागवले होते. निवडलेली दहा घरं तिथे खरोखर उभी राहणार होती आणि प्रत्येक घराचं रीतसर मालकीपत्र मिळणार होतं. मात्र राहायला जाण्याची सक्ती नव्हती. हे शेवटचं वाक्य वाचून त्रुटीसाहेबांना गहिवरूनच आलं. स्वतःच्या मालकीचं घर, आणि वर तिथे राहायला नको!

"अगं," ते पत्नीला म्हणाले, "आपण मंगळावर घर घेतोय."

"बरं," ती म्हणाली. "कितव्या मजल्यावर?"

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांना विचार, इथे काही कमी पडलं का?"

"आईंना सांग, कमी काही नाही. पण माणसाचं स्वतःचं असं काहीतरी असावं."

हा निरोप मात्र पत्नीने पोचवला नाही. तो सगळ्यांनाच ऐकू गेला होता.

आराखडा काढायला त्रुटीसाहेबांना सहा आठवडे लागले. खरं तर तो पहिल्या रविवारीच तयार झाला होता. घुमटासारखं गोल घर, आत दोन पलंग, एक टेबल, स्वयंपाकाचा कोपरा, न्हाणीघर, आणि बाहेर पडायला एकामागे एक अशी दोन दारं, त्यांच्यामध्ये छोटा बोळ. मंगळावर एकदम दार उघडलं तर आतली हवा पळून जाते, म्हणून एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, एवढं शास्त्र मंडळाच्या पुस्तिकेत दिलेलं होतं. घोळ झाला तो सोमवारी. सकाळी चहा घेऊन ते नकाशासमोर बसले आणि हात आपोआप लाल पेनाकडे गेला. न्हाणीघराला खिडकी नव्हती. शेजारच्या हद्दीपासून अंतर सोडलेलं नव्हतं. पावसाच्या पाण्याचा निचरा कुठे दाखवलाच नव्हता. मंगळावर पाऊस पडत नाही हे अर्जदाराला माहीत होतं, पण तपासणाऱ्याला त्याचं काय? त्यांनी कोपऱ्यात नेहमीचा शेरा मारला आणि नकाशा गुंडाळून ठेवला.

"मग भेटलात का?" पत्नीने शेरा वाचून विचारलं.

"कोणाला?"

"अर्जदाराला. प्रत्यक्ष भेटावे म्हणून लिहिलंय."

त्रुटीसाहेबांना ही थट्टा अजिबात रुचली नाही. पण असं एकदा नाही, सहा वेळा झालं. रविवारी ते हौसेने काढायचे आणि सोमवारी कर्तव्यबुद्धीने नापास करायचे. सहाव्या खेपेपर्यंत न्हाणीघराला खिडकी आली, छताला पन्हळ आली, आणि अर्जाची मुदत संपत आली म्हणून त्यांनी जड अंतःकरणाने स्वतःला पास केलं.

तोवर बातमी फुटली होती. उजवीकडच्या घरात दातांचे डॉक्टर राहत आणि डावीकडे शिकवणी घेणाऱ्या बाई. डॉक्टर कुंपणावरून वाकून नकाशा पाहत. समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवून बोलायची आयुष्यभराची सवय, त्यामुळे आपल्या सल्ल्याला कोणी उत्तर देईल अशी त्यांची अपेक्षाच नसे.

"खिडक्या समोरासमोर घ्या, साहेब. वारा खेळता राहिला पाहिजे."

"डॉक्टर, तिथली हवा नाकात गेली तर माणूस मरतो."

"आज मरतो. उद्या हवा सुधारली म्हणजे? तेव्हा काय भिंत फोडत बसणार? आणि वर मजला चढवायची सोय आत्ताच ठेवा. नंतर परवानगी मिळत नाही."

"मंगळावर परवानगी कोण अडवणार आहे?"

"तुमच्यासारखं कोणीतरी जाईलच की तिथे," डॉक्टर म्हणाले, आणि तेही अगदी सरळ मनाने. त्रुटीसाहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शिकवणीच्या बाईंचा मुद्दा वेगळा होता. "पाहुणे आले तर झोपवणार कुठे?"

"एवढ्या लांब कोण येतंय, बाई?"

"लांबून येणारेच मुक्काम ठोकतात. सात महिने प्रवास करून आलेला माणूस दोन दिवसांत परत जाईल का?"

त्रुटीसाहेबांनी विषय बदलून बाईंच्या विद्यार्थ्यांची चौकशी केली.

अर्ज घेऊन ते मंडळाच्या कचेरीत गेले. चार नंबरच्या खिडकीपाशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले. आतल्या कारकुनाने अर्ज चाळला आणि जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. हा आवाज त्रुटीसाहेब स्वतः अठ्ठावीस वर्षं काढत आले होते. बाहेरून तो इतका लागतो याची त्यांना कल्पना नव्हती.

"चतुःसीमा कोऱ्या आहेत," कारकून म्हणाला.

"चारही बाजूंना कोणी नाही तिथे."

"असं कसं? घर म्हटलं की पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे आलंच. नाहीतर घर आहे कुठे ते कळणार कसं?"

"बरं, मग 'मोकळी जागा' लिहितो."

"मोकळी म्हणजे कोणाची?"

हा सवाल त्रुटीसाहेबांनी स्वतः शेकडो लोकांना टाकला होता आणि त्यावर उत्तर नसतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते निमूटपणे घरी आले आणि शेजाऱ्यांना, मंगळावर आमचे शेजारी व्हाल का, असं विचारलं. डॉक्टरांनी तत्काळ पूर्व बाजू घेतली, सकाळचं ऊन मिळतं म्हणून. बाईंना पश्चिम मिळाली, म्हणून त्या थोड्या घुश्शातच होत्या. दोघांनीही ना-हरकत पत्रं दिली, पण अटी घालून. साहेबांनी पूर्वेच्या हद्दीत कचरा टाकू नये, अशी डॉक्टरांची अट. डॉक्टरांच्या दात कोरायच्या यंत्राचा आवाज पश्चिमेपर्यंत येऊ नये, अशी बाईंची अट. उत्तरेला त्रुटीसाहेबांनी आपला अनुभव पणाला लावून 'नियोजित उद्यान' दाखवलं, आणि ते कारकुनाने बिनबोभाट मान्य केलं. दक्षिण उरली. कारकुनाने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दक्षिणेला माझंच नाव घाला. पण एक सांगून ठेवतो. तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या माझ्या दारात लावायच्या नाहीत."

महिन्याभराने पत्र आलं. आराखडा पहिल्या फेरीत निवडला गेला होता! त्रुटीसाहेबांनी ते पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, आणि मग खाली बारीक अक्षरात काय आहे ते पाहिलं. घराचा पूर्ण मापाचा नमुना उभारून घरातल्या माणसांनी त्यात तीन दिवस राहून दाखवायचं होतं. नमुना उभारायला जागा म्हणजे मागचं अंगण, आणि अंगण सासूबाईंचं. म्हणजे सासूबाईंची सही आली.

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला. "सही देते," त्या लेकीला म्हणाल्या, "पण त्यांना सांग, मीही राहायला येणार. माझ्या अंगणात मंगळ होतोय आणि मी काय खिडकीतून बघत बसू?"

नाही म्हणायची सोय नव्हती. त्रुटीसाहेबांनी नकाशा पुन्हा उघडला. खिडकीजवळचा चांगला पलंग आदराने सासूबाईंना दिला, दुसरा स्वतःला ठेवला, आणि पत्नीसाठी टेबलाच्या बाजूला तुटक रेषेने घडीचा पलंग दाखवला. कागदावर तीन माणसं व्यवस्थित मावली.

घुमट शिवायचं काम ताडपत्रीवाल्याला दिलं. तो आजवर मालमोटारींची पांघरुणं शिवत आला होता, आणि घराला चाकं कुठे आहेत हे त्याने दोनदा विचारलं. इतकं कापड एका रंगात मिळेना, म्हणून त्याने खताच्या कारखान्याच्या जुन्या ताडपत्र्या जोडल्या, त्याही छापील बाजू आत करून. ठरल्या दिवशी पंप लावला. घुमट फुगता फुगता त्याने आधी कपडे वाळत घालायची दोरी उचलली, मग डॉक्टरांच्या तीन कुंड्या आडव्या केल्या आणि शेवटी कुंपणाला पोट टेकून उभा राहिला. आत शिरून वर पाहिलं, तर छतावर हातभर अक्षरात लिहिलं होतं, 'भरघोस वाढीची हमी.'

"आधी सांगितलं असतंत तर उलटं शिवलं असतं," ताडपत्रीवाला म्हणाला. "पण बाहेरून मग लोकांनी खतच मागितलं असतं तुमच्याकडे."

त्रुटीसाहेबांनी वर बघायचं टाळलं, आणि पुढचे तीन दिवस शक्यतो ते टाळत राहिले.

मंडळाने लाल मातीची सहा पोती पाठवली होती, ती अंगणात पसरली. मग मंडळाच्या निरीक्षक बाई आल्या. शांत, काटेकोर बाई. त्यांनी अंगणाच्या फाटकाला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लाखेचं सील केलं. आता अंगण म्हणजे मंगळ. रोज कोणीतरी रेनकोट आणि हेल्मेट घालून बाहेर दहा फेऱ्या मारायच्या आणि घरात परत यायचं. नकाशात काही फेरफार करावा लागला तर तो नोंदवहीत लिहायचा, कोणी सुचवला त्याच्यासकट. एवढं सांगून बाई निघून गेल्या.

पहिली फेरी अर्थातच मालकांची. त्रुटीसाहेब दिमाखात बाहेर गेले, दहा फेऱ्या मारल्या, मधल्या बोळात एक दार लावून दुसरं उघडलं आणि आत आले. पाचच मिनिटांत मंगळ टेबलावर होता, पलंगावर होता आणि चहाच्या कपात होता. सहा आठवड्यांत त्यांनी नकाशात न्हाणीघराची खिडकी काढली होती, पन्हळ काढली होती. पण बाहेरून आलेला माणूस बूट कुठे काढणार, हे कुठेच काढलं नव्हतं.

"सगळं ठीक आहे ना हो?" कुंपणापलीकडून डॉक्टर ओरडले.

"बोलू नका! इथे मंगळ आहे!" त्रुटीसाहेब आतून ओरडले.

सासूबाई पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसल्या होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या. लेक पंपाला तेल घालत होती, म्हणून निरोप थेटच द्यावा लागला. "तुमची हरकत नसेल तर एक सुचवू का? बाहेरून आलेल्याने बोळातच थांबावं. तिथे बूट, तिथे रेनकोट, तिथेच ओलं फडकं. आत नुसता माणूस यावा."

सूचना बिनतोड होती. त्रुटीसाहेबांनी ती नोंदवहीत लिहिली, पुढे 'सासूबाई' असं लिहिलं, आणि बोळात फळी, खुंटी आणि बादली आली.

पण खरा घाम फुटला तो पुढेच. सासूबाई प्रत्येक गोष्टीला विचारू लागल्या. मी इथे बसू का? पाणी घेऊ का? ही खिडकी उघडलेली चालेल ना तुम्हाला? त्यात टोमणा औषधालाही नव्हता. दुसऱ्याच्या घरी माणूस विचारूनच वागतो, तशा त्या वागत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खुर्चीवर बसायची परवानगी मागितली आणि पाठ ताठ ठेवून कडेला बसल्या. अर्धा तास झाला, पाऊण झाला, तरी टेकेनात. त्रुटीसाहेबांना ते बघवेना. हे बसणं त्यांनी कुठेतरी पाहिलेलं होतं, आणि कुठे ते आठवल्यावर त्यांचे कान गरम झाले.

"आई, टेका हो! हे घर तुमचंच आहे."

"हो, हो," सासूबाई म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.

"असंच म्हणायचे मी तुम्हाला," मग त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुम्हीही असेच बसायचात. सव्वीस वर्षं. मला वाटायचं, माझ्या घरात या माणसाला काय टोचतंय कोण जाणे. वाईट वाटायचं हो मला."

त्रुटीसाहेबांनी उठून एक उशी आणली आणि सासूबाईंच्या पाठीमागे ठेवली. तेव्हा कुठे त्या टेकल्या.

त्यानंतर मात्र सासूबाईंना धरबंध राहिला नाही. टेबल भिंतीला लागलं, चूल दारापासून हलली, टॉवेलांना दोरी आली, न्हाणीघराची खिडकी बुजली, कारण तिथून मंगळ आत येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत सतरा फेरफार होते आणि सतराही नोंदींपुढे, एकच नाव होतं. घर आता खरोखर राहण्याजोगं झालं होतं. त्रुटीसाहेबांनी मूळ नकाशा आणि उभं घर समोरासमोर ठेवून तपासलं. दोन्हींत सारखं असं काही उरलंच नव्हतं, फक्त खालची सही सोडून. सही त्यांची होती. बराच वेळ ते त्या सहीकडे बघत बसले.

दहा वाजता निरीक्षक बाई आल्या. त्यांनी सील तोडलं, घर आतून पाहिलं, बोळातल्या फळी-बादलीपाशी दोन मिनिटं थांबल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "आजवर पाहिलेल्या नमुन्यांत धूळ बाहेर ठेवणारा हा पहिलाच," त्या म्हणाल्या. "निवड झाली म्हणून समजा. आता मालकीच्या जबान्या घेते. प्रत्येकाची वेगळी."

"जबान्या कसल्या?" त्रुटीसाहेब गोंधळले. "अर्ज माझ्या नावाने आहे."

"अर्ज आराखड्याचा आहे. मालकी राहून दाखवलेल्यांच्या जबानीवर ठरते. पुस्तिकेच्या मागच्या पानावर आहे ते. वाचलं नाहीत?"

मागचं पान वाचलं का, असं ज्याने अठ्ठावीस वर्षं लोकांना विचारलं, त्या माणसाने मागचं पान वाचलेलं नव्हतं. ते आत जाऊन पलंगावर बसले.

बाईंनी फाटकापाशी खुर्ची मांडली आणि एकेकाला बोलावलं. वेगवेगळं विचारायचं म्हणून बाकीचे घरात. पण भिंत ताडपत्रीची, त्यामुळे शब्दन् शब्द आत येत होता.

"हे घर कोणाचं?" बाईंनी सासूबाईंना विचारलं.

"जावयांचं," सासूबाई एका क्षणात म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं नाही. लिहा तुम्ही."

आत त्रुटीसाहेबांनी डोळे पुसले. हव्या त्या गोष्टीच्या ते इतके जवळ कधीच आलेले नव्हते. फक्त बाहेर जायचं, 'माझं' म्हणायचं, की झालं. ते बाहेर गेले.

"हे घर कोणाचं?"

त्रुटीसाहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यांना टेबलासमोर उभे राहिलेले आपले सगळे अर्जदार आठवले.

"सासूबाईंचं," ते म्हणाले. "नकाशा माझा, पण घर त्यांनी केलंय. नोंदवही बघा. दुसऱ्याच्या कामाखाली मी सही करणार नाही."

"अहो, काय हे!" आतून सासूबाई ओरडल्या. "घेऊन टाका ना!"

"मध्ये बोलायचं नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या. "पुढचे."

पत्नी बाहेर आली. तिने पदराला हात पुसले.

"हे घर कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली.

निरीक्षक बाईंनी पुस्तिकेचं मागचं पान उघडलं. "दुसऱ्याच्या वतीने केलेला दावा धरला जात नाही. स्वतःसाठी दावा यांनी एकट्यांनीच केलाय. म्हणजे प्रश्नच मिटला."

त्रुटीसाहेब फाटकापाशी उभेच होते. सासूबाई लगबगीने बाहेर आल्या. "अगं, तुला घर हवं होतं? कधी बोलली नाहीस ती!"

"कोणी विचारलं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आई, तुझं घर म्हणून तू यांना देत होतीस, आणि तुझं घर म्हणून हे घेत नव्हते. सव्वीस वर्षं मी तुमच्या दोघांच्या मधे निरोप नेत उभी आहे. माझं कुठलं, हे आज पहिल्यांदा विचारलं कोणीतरी. म्हणून सांगितलं."

"पण इथे तरी आपण तिघं..." त्रुटीसाहेब बोलू लागले आणि थांबले. बोळात फळीच्या खाली, बुटांच्या शेजारी, एक सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यावर लाल माती होती. टेबल भिंतीला लागल्यावर घडीचा पलंग उघडायला जागाच राहिली नव्हती, आणि तीन दिवसांत ती गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. जे मावत नाही ते अर्जदार तुटक रेषेने दाखवतात, हे त्यांनीच खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

"तू इथे झोपलीस?" त्यांनी विचारलं.

"मग कुठे? दोघांनाही एकमेकांना उशा द्यायच्या होत्या."

त्रुटीसाहेबांना इतकी लाज त्यांच्या सगळ्या नोकरीत वाटली नव्हती. सासूबाईंनीही मान खाली घातली.

निरीक्षक बाईंनी मालकीपत्राचा कागद काढला आणि पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा. आडनाव माहेरचं लावता की सासरचं?"

पत्नीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मंगळावर माझ्या नावाची दुसरी कोणी आहे का?"

निरीक्षक बाई काटेकोर होत्या. त्यांनी खरोखरच यादी उघडून पाहिली. "नाही. अजून तिथे कोणीच नाही."

"मग नुसतं नाव लिहा."

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी घातली आणि घरात गेली. त्रुटीसाहेब आणि सासूबाई बोळाच्या तोंडाशी उभे राहिले, आत जावं की नाही हे दोघांनाही कळेना.

"आम्ही येऊ का?" शेवटी त्रुटीसाहेबांनी विचारलं.

"या की," ती आतून म्हणाली. "पण पाय पुसून या."